घरी एकत्र बसून पाहण्याजोगे चित्रपट : तीन पिढ्यांना पुरतील असे कोणते?

रामबागकरीण (इंदूर)

मराठी नाटकाच्या बाबतीत आपण इंदूरकर भाग्यवान आहोत, कारण सानंदसारख्या संस्थेमुळे मुंबई-पुण्याची चांगली नाटके गावातच पाहायला मिळतात. मराठी चित्रपटाचे तसे नाही. एखादा फारच गाजला तर मल्टिप्लेक्समध्ये त्याचा अडनिड्या वेळचा एखादा खेळ लागतो आणि आपण जाऊ जाऊ म्हणेपर्यंत तो उतरलेला असतो. म्हणून शनिवारी रात्री जेवणे लवकर आटोपून सर्वांनी मिळून घरीच एक चित्रपट पाहायचा, असा प्रघात आम्ही पाडला आहे.

पाहणाऱ्यांत ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, ज्यांना ऐकू कमी येते पण ज्यांची समज लख्ख आहे; आम्ही दोघे आहोत; अकरावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा आहे. मुले आमच्याशी मराठी बोलतात, आपापसांत मात्र हिंदीच. आई-वडील आणि आजी यांच्याखेरीज आणखी कोणाचे मराठी त्यांच्या कानांवर पडावे, हाही यामागचा एक हेतू आहे.

अडचण निवडीची आहे. 'सहकुटुंब पाहावेत' म्हणून ज्या याद्या मिळतात, त्यांत बहुधा विनोदी चित्रपटच असतात. कोणाला काही खटकू नये, एवढाच विचार त्यांमागे दिसतो. मला तेवढे पुरत नाही. जुने, नवे, मराठी, हिंदी, गुजराती, परदेशी असे सगळे पाहायची आमची तयारी आहे. एक मत मात्र आधीच मांडते : संथ गतीचा चित्रपट घरी पाहू नये. दाराची घंटा वाजते, कोणाचा तरी फोन येतो, आणि एकदा तुटलेली लय पुन्हा जुळत नाही. आपला अनुभव काय आणि आपण काय सुचवाल?

माळव्यातला (इंदूर)

ताई, सहावीतल्या मुलाचा विचार करून 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) पासून आरंभ करावा. परेश मोकाशी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट पंढरपुरात घडतो. विणकामाच्या यंत्रावर घर चालवणाऱ्या आईचे यंत्रच कर्जापायी जप्त होते. मग घरातली सायकल, जी गेलेल्या वडिलांची आठवण आहे, ती विकावी लागू नये म्हणून मुले कार्तिकी एकादशीच्या यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. गरिबी दाखवूनही प्रेक्षकाकडून दयेची अपेक्षा न करणारे चित्रपट आपल्याकडे थोडे आहेत, त्यांत मी याला फार वरचे स्थान देतो. मुलांच्या तोंडी काही शिव्या आहेत; त्यांचा बाऊ करू नये, अशी विनंती.

लष्करकर (ग्वाल्हेर)

१९५३ चा 'श्यामची आई' यादीत नसेल तर ती यादी अपुरी आहे, असे मी ठामपणे म्हणेन. आचार्य अत्रे यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचा तो पहिलाच मान होता. त्यानंतर मराठीला तो पुन्हा मिळायला 'श्वास'पर्यंत, म्हणजे २००४ पर्यंत वाट पाहावी लागली. पुढे 'देऊळ', 'कोर्ट' आणि 'कासव' यांनी तो मिळवला. ग्वाल्हेरकरांना या चित्रपटाविषयी अधिक जिव्हाळा आहे, कारण आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाईंचा जन्म उज्जैनचा आणि अखेर २००७ साली ग्वाल्हेरात. सोहराब मोदींच्या 'सिकंदर' (१९४१) मध्ये राजवैभवात वावरलेली ही अभिनेत्री कोकणातल्या कर्जबाजारी घरातील गृहिणी म्हणून इतकी खरी वाटते की, मध्ये केवळ बाराच वर्षे गेली आहेत यावर विश्वास बसत नाही.

पाहताना एक काळजी घ्यावी. त्या काळचे चित्र रुंदीला कमी, साधारण चारास तीन या प्रमाणात असते. आजचे टीव्ही ते ताणून पडदाभर पसरवतात आणि सर्व माणसे बुटकी व जाड दिसू लागतात. सेटिंगमध्ये जाऊन चित्राचे मूळ प्रमाण ठेवावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तरी चालेल.

सुदामानगरी (इंदूर)

लष्करकर काका, आपला आदर राखून म्हणते की, आजच्या मुलांना 'श्यामची आई' उपदेशाचा वाटतो. माझ्या पुतण्याने अर्ध्या तासात उठून जाणे पसंत केले.

लष्करकर (ग्वाल्हेर)

पुतण्याला 'संस्कारांचा चित्रपट' म्हणून बसवले असेल तर तो उठणारच, यात त्याचा दोष नाही. त्यात एका घराची आर्थिक पडझड आहे, अब्रूपायी कर्ज वाढवत नेणारा बाप आहे आणि ती पडझड डोळ्यांनी पाहणारा, हट्टी, प्रसंगी आईला दुखावणारा मुलगा आहे. माधव वझे यांचा श्याम गोंडस नाही, म्हणूनच तो टिकून आहे. ही बाजू आधी सांगावी आणि मग चित्रपट लावावा.

दांडियाबाजार (बडोदे)

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) चे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते.

माळव्यातला (इंदूर)

कारण तो सर्वांना पाठ आहे, दांडियाबाजार. निवडण्याची गरजच पडत नाही. तो आपोआप लागतो.

कलाभवन (बडोदे)

मी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) सुचवतो आणि त्यामागे बडोद्याचा अभिमान आहे, हे मान्य करतो. दादासाहेब फाळके आमच्या कलाभवनात शिकले, पुढे गोध्र्याला त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. परेश मोकाशी यांनीच केलेल्या या चित्रपटात नंदू माधव यांनी फाळके उभे केले आहेत. त्यात थोर पुरुषाचे चरित्र सांगण्याचा जडपणा मुळीच नाही. एक माणूस चित्रे हलताना पाहतो आणि त्याला दुसरे काही सुचेनासे होते. घरातले सामान विकले जाते, डोळ्यांवर परिणाम होतो, लंडनला जाऊन तो यंत्र आणतो, कुंडीतल्या रोपाची वाढ टिपून दाखवतो, आणि स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसल्यामुळे साळुंके नावाच्या तरुणाला तारामती करतो. या सगळ्यात पत्नी सरस्वतीबाई आणि मुले बरोबरीने उतरलेली आहेत. तीन पिढ्यांनी एकत्र पाहण्यासाठी याहून योग्य विषय मला सुचत नाही, कारण यात एक सबंध घर मिळून चित्रपट करते.

हा चित्रपट पाहिल्यानंतर मुलांना 'राजा हरिश्चंद्र'चा आज उपलब्ध असलेला भाग अवश्य दाखवावा. तारामतीचे काम एका पुरुषाने केले आहे हे कळल्यावर ती वेगळ्याच कुतूहलाने पाहतात.

निवांत (इंदूर)

रामबागकरीण ताईंच्या मूळ विधानाशी माझा मतभेद आहे आणि तो सविस्तर मांडावासा वाटतो.

संथ चित्रपट घरी पाहू नये, असे म्हटल्यास इंदूरच्या मराठी माणसाने तो पाहायचा तरी कुठे? ज्या शहरात गल्लाभरू मराठी चित्रपटाचाही खेळ टिकत नाही, तिथे 'कोर्ट' किंवा 'किल्ला' थिएटरात पाहण्याची संधी कितीशी मिळणार? आपल्यासाठी हे चित्रपट घरी आले, तेव्हाच खऱ्या अर्थाने प्रदर्शित झाले. शिवाय लय तुटते ती चित्रपट संथ असल्यामुळे नव्हे, तर आपण त्याला टीव्हीवरच्या मालिकेसारखे वागवतो म्हणून. मालिका आपण निम्म्या लक्षाने पाहतो आणि ती त्याच हिशेबाने लिहिलेली असते, प्रत्येक गोष्ट तीनदा सांगितलेली. संथ चित्रपट एकदाच सांगतो. त्यामुळे फोन दुसऱ्या खोलीत ठेवावेत, मध्यंतर कुठे घ्यायचे ते आधी ठरवावे आणि तोवर कोणी उठू नये.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) चेच उदाहरण घ्या. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून खटला उभा राहतो. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर असतो. माणसे चौकटीत येतात, बोलतात, निघून जातात. सरकारी वकील असलेली बाई लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते, बचावाचा वकील महागड्या दुकानातून खरेदी करून एकटाच घरी येतो. ही दृश्ये खटल्याला पुढे नेत नाहीत, पण न्यायालयात समोरासमोर उभी असलेली ही दोन माणसे कुठून आली आहेत, हे त्यांवाचून कळले नसते. यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषा आहेत. मुंबईबाहेर हा चित्रपट उपशीर्षकांशिवाय समजणारी घरे कुठे असतील, तर ती इंदूरची आणि बडोद्याची. आपण त्याचे स्वाभाविक प्रेक्षक आहोत.

दांडियाबाजार (बडोदे)

निवांत यांच्याशी सहमत आहे. वकिलाच्या आई-वडिलांबरोबरचे गुजराती संभाषण ऐकताना आमच्या शेजारच्या घरात बसल्यासारखे वाटले.

रामबागकरीण (इंदूर)

निवांत, तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, पण ऐंशी ओलांडलेल्या बाईंना मध्यंतरापर्यंत उठू नका असे मी सांगू शकत नाही. तरीही 'किल्ला' लावून पाहते. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्यातला मुलगाही त्याच वयाचा दिसतो.

तारायंत्र (ग्वाल्हेर)

ताईंच्या सासूबाईंना ऐकू कमी येते, याविषयी लिहितो. चित्रपटातले संवाद पुटपुटल्यासारखे आणि संगीत मात्र कर्कश वाटते, ही तक्रार केवळ वयस्करांची नाही. चित्रपटाचा आवाज थिएटरमधील अनेक स्पीकरांसाठी मिसळलेला असतो आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरातून येतात. घरच्या टीव्हीत दोनच छोटे स्पीकर, तेही खाली किंवा मागे तोंड केलेले. तिथे संवाद संगीताखाली दबतात. टीव्हीच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये संवाद किंवा आवाज स्पष्ट करण्याचा पर्याय बहुधा असतो, तो निवडावा. साधा साउंडबार घेतला तरी फरक पडतो. उपशीर्षके मराठी चित्रपटालाही लावावीत. मात्र ती बहुतेक वेळा इंग्रजीत असतात, तेव्हा सासूबाईंना त्यांचा उपयोग होईल की नाही, हे पाहावे लागेल.

दुसरी सूचना चित्राची. चित्रपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चित्रित होतो. नवे टीव्ही मध्ये स्वतःच्या चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करतात आणि त्यामुळे उत्तम छायाचित्रणही मालिकेसारखे दिसू लागते. ही सोय बंद करावी. 'किल्ला' पाहणार असाल तर आधी एवढे कराच, कारण त्याचे दिग्दर्शक अविनाश अरुण हे स्वतःच त्याचे छायाचित्रकारही आहेत.

सराफा_रात्र (इंदूर)

परदेशी चित्रपटांविषयी कोणीच लिहिले नाही. माजिद माजिदी यांचा इराणी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) अवश्य पाहावा. धाकट्या बहिणीचे बूट भावाच्या हातून हरवतात. घरात पैसे नाहीत, म्हणून दोघे वडिलांना न सांगता एकाच जोडीवर पाळीपाळीने शाळा करतात. फारसी येण्याची गरज पडत नाही. पुढे एक धावण्याची शर्यत आहे आणि तिच्यात तिसऱ्या क्रमांकाला बुटांचे बक्षीस ठेवलेले आहे. त्या शर्यतीत तो मुलगा...

सुदामानगरी (इंदूर)

कृपया इथेच थांबावे. ताईंच्या मुलांना ती शर्यत स्वतः पाहू द्या.

निवांत (इंदूर)

अगदी बरोबर. अकरावीतल्या मुलीसाठी आणखी एक जोडी सुचवतो : सिडनी ल्युमेट यांचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) आणि त्यावरून बासू चटर्जी यांनी केलेला 'एक रुका हुआ फ़ैसला' (१९८६). जवळजवळ सबंध चित्रपट एका खोलीत घडतो. बारा माणसे एका तरुणाच्या जगण्या-मरण्याचा निर्णय करायला बसतात आणि अकरा जण त्याला दोषी ठरवून मोकळे झालेले असतात. ल्युमेट यांनी जसजसा चित्रपट पुढे जातो तसतशी जास्त केंद्रांतराची, म्हणजे दूरचे जवळ भासवणारी, भिंगे वापरली आणि कॅमेरा खाली आणला. त्यामुळे भिंती जवळ येताहेत आणि छत डोक्यावर उतरते आहे, असे वाटत राहते. घरातल्या लहान पडद्यावरही हा परिणाम उणावत नाही.

मात्र आधी हिंदी पाहावा की इंग्रजी, याविषयी माझे मत स्पष्ट आहे : आजी बरोबर असतील तर हिंदी आधी. पंकज कपूर आणि अन्नू कपूर यांच्यासाठी तो स्वतंत्रपणेही पाहण्यासारखा आहे. अन्नू कपूर त्या वेळी तिशीच्या आसपास होते आणि त्यांनी त्यात म्हाताऱ्याचे काम केले आहे.

टप्पा_ठुमरी (ग्वाल्हेर)

गाण्याच्या चित्रपटांना इतका वेळ लागावा, हे आमच्या गावाला सहन होणारे नाही. आजींसाठी 'कट्यार काळजात घुसली' (२०१५) लावावा. दारव्हेकर यांचे नाटक १९६७ चे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. ज्यांनी ते पाहिले-ऐकले आहे, त्यांना चित्रपट भडक वाटण्याचा संभव आहे. मलाही काही ठिकाणी तसा वाटला. तरीही महेश काळे यांचा आवाज आणि सचिन पिळगावकर यांचा खाँसाहेब यांच्यासाठी तो एकत्र बसून पाहावा.

माझ्या मते संगीतावरचा याहून खोल चित्रपट ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' (२०२०) आहे. मनापासून रियाज करणाऱ्या, गुरूची सेवा करणाऱ्या, पण वरच्या पायरीवर न पोहोचलेल्या गायकाची ही गोष्ट आहे. आदित्य मोडक हे स्वतः गायक आहेत, गुरुजींच्या भूमिकेत डॉ. अरुण द्रविड आहेत, आणि गुरुजींच्याही गुरू असलेल्या ज्या माईंच्या ध्वनिफिती ऐकत नायक रात्री मोटारसायकलवरून फिरतो, त्यांचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. ज्या गावात घरोघर कोणी ना कोणी गाणे शिकले आहे, त्या गावात या चित्रपटातले दुःख ओळखीचे आहे. शिकणारे शंभर आणि मैफलीचे दोन, हे आम्ही पाहत आलो आहोत. मात्र त्यातले काही प्रसंग सहावीतल्या मुलाबरोबर पाहण्याजोगे नाहीत. ताई, हा तुम्ही दोघांनी आणि मुलीने वेगळा पाहावा.

कलाभवन (बडोदे)

गुजरातीतला एक : 'हेल्लारो' (२०१९), दिग्दर्शक अभिषेक शाह. १९७५ च्या सुमाराचे कच्छ, दुष्काळ, आणि गरबा खेळायची मनाई असलेल्या स्त्रिया. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालाच, शिवाय त्यातल्या तेराही अभिनेत्रींना मिळून परीक्षकांचा विशेष पुरस्कार देण्यात आला. आम्ही बडोदेकर नवरात्रात गरबा पाहतो तो रोषणाईत. तोच गरबा वाळवंटात चोरून खेळताना पाहिल्यावर माझ्या पत्नीला बराच वेळ बोलता आले नाही.

छावणी (इंदूर)

इंदूरच्या घरात जॉनी वॉकर नसावेत, हे बरे नव्हे. ते इथलेच होते. 'प्यासा' (१९५७) लावा.

वाडा_वस्ती (इंदूर)

मुलांच्या कानांवर दुसऱ्यांचे मराठी पडावे, असे ताईंनी आरंभीच लिहिले आहे, आणि तरीही 'फँड्री'चे नाव अद्याप कोणी घेतले नाही, याचा मला खेद वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या काळात इकडे आली. आपल्या मुलांना मराठी माहीत आहे ते आपल्या स्वयंपाकघरातले आणि गणेशोत्सवातले. गावाबाहेर राहून डुकरे धरायला लावलेल्या मुलाचे मराठी त्यांनी कधी ऐकलेले नाही, आणि त्याच्या वाट्याला काय येते, हेही पाहिलेले नाही. नागराज मंजुळे यांचा जब्या हा ताईंच्या मुलाहून फार मोठा नाही.

सुदामानगरी (इंदूर)

चित्रपट थोर आहे, परंतु तो शनिवारी रात्री आजीसह पाहण्याचा नव्हे, असे मला वाटते.

वाडा_वस्ती (इंदूर)

मग कोणत्या वारी पाहायचा, ताई? 'कोणाला काही खटकू नये' हा निकष पुरेसा नाही, असे धागाकर्तीनेच म्हटले आहे. 'फँड्री' खटकलाच पाहिजे. आजींना खटकला तर त्या त्यांच्या लहानपणीच्या गावाविषयी बोलतील आणि मुलांनी ते ऐकणे महत्त्वाचे आहे. मी माझ्या वडिलांबरोबर पाहिला. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर सगळे जिथल्या तिथे उभे राहतात, तो प्रसंग संपल्यावर त्यांनी थांबवायला सांगितले आणि त्यांच्या शाळेत पाण्याच्या माठापासून कोणाला दूर ठेवले जात असे, हे आम्हांला प्रथमच सांगितले.

रामबागकरीण (इंदूर)

सर्वांची आभारी आहे. या काळात 'किल्ला' आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहून झाले. 'किल्ला' लावण्यापूर्वी तारायंत्र यांनी सांगितलेले दोन्ही बदल केले आणि सासूबाईंनी कोकणातल्या पावसाचा आवाज वेगळा ऐकू आल्याचे आपणहून सांगितले. मित्र भर पावसात मुलाला किल्ल्यावर सोडून निघून जातात, तेव्हा धाकटा माझ्याजवळ सरकून बसला. थोरलीला मात्र आईची, कचेरीत चुकीच्या कागदावर सही करण्यासाठी दबाव येणाऱ्या बाईची, गोष्ट अधिक भावली. संथ असूनही हा चित्रपट टिकला तो प्रत्येकाला त्यात आपल्या वयाचे माणूस सापडल्यामुळे, असे मला वाटते. 'कोर्ट'मध्ये धाकट्याला तसे कोणी सापडणार नाही, म्हणून तो आम्ही मुलीबरोबर पाहू. 'फँड्री' सर्वांनी मिळूनच पाहणार आहोत.

एक शेवटचा प्रश्न आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धावरचा 'अस्तु' सासूबाईंबरोबर पाहावा का? अलीकडे त्यांना नावे आठवायला वेळ लागतो.

टप्पा_ठुमरी (ग्वाल्हेर)

डॉ. मोहन आगाशे यांच्यासाठी मी होकार दिला असता, परंतु ज्यांनी घरी हे अनुभवले आहे, त्यांनीच सांगावे.

उंबरा (इंदूर)

मी आजवर या धाग्यावर काही लिहिले नव्हते. या प्रश्नासाठी लिहिते. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंश होता आणि 'अस्तु' आम्ही ते असताना पाहिला.

ताई, सासूबाईंबरोबर पाहण्याआधी तुम्ही दोघांनी तो पाहावा. त्यात संस्कृतचे पंडित असलेले वृद्ध गृहस्थ हत्तीच्या मागे चालत निघून जातात. मुलगी गावभर त्यांना शोधते, आणि तिकडे माहुताची बायको, जिची भाषाही वेगळी आहे, त्यांना लेकरासारखे सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलीचा संताप, थकवा आणि अपराधीपणा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी जराही मऊ केलेला नाही. माझ्या मनात जे होते आणि जे मी बहिणीलाही बोलून दाखवले नव्हते, ते इरावती हर्षे यांच्या चेहऱ्यावर दिसले. तो चित्रपट सांभाळणाऱ्यांसाठी आहे, म्हणून तो तुमच्यासाठी आहे.

सासूबाईंना नावे आठवायला वेळ लागतो, एवढ्यावरून पुढचा अंदाज बांधू नये. मात्र एकदा डॉक्टरांना अवश्य दाखवावे. त्या शनिवारी त्यांच्यासाठी 'कट्यार' लावावा. माझ्या वडिलांना माझे नाव आठवत नसे तेव्हाही अभिषेकीबुवांच्या चाली आठवत असत आणि सम आली की त्यांचा हात बरोबर मांडीवर पडे.